जुन्या खोकडांची शिकार

"म्हणजे शेवटी आपलीच शिकार व्हायची राहिली होती."

हे वाक्य मी जिन्याच्या वळणावर, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन ऐकलं. खाली सोसायटीच्या फळ्यासमोर ज्येष्ठ नागरिक कट्ट्यातले दोघं उभे होते. बोलणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका होते, कट्ट्याचे अध्यक्ष. चष्मा कपाळावर चढवून, मान मागे टाकून ते फळा वाचत होते. दुसऱ्या आजोबांनी विचारलं, शिकार करणार कोण.

"पाचव्या मजल्यावरची. ती गप्प असते ना, ती."

गप्प असते ती म्हणजे मी. लिफ्टमध्ये कुणीतरी भेटतं आणि काहीतरी विचारतं, म्हणून मी जिना वापरते. त्या सकाळी जिन्यानेही दगा दिला. मी आवाज न करता दोन पायऱ्या वर सरकले आणि कचरा परत घरी घेऊन गेले.

फळ्यावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं, कारण ते मीच पाठवलं होतं. मराठी भाषा दिनानिमित्त कट्ट्याने येत्या रविवारी छंद प्रदर्शन ठेवलं होतं. ज्याने त्याने आपला छंद मांडायचा, आणि एकच अट, पाट्या मराठीत हव्यात. आईने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. कट्ट्याच्या सेक्रेटरी काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका, शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांचा मला मेसेज आला, तुझ्या छंदाचं मराठीत काय लिहू ते कळव. मी शब्दकोश उघडून, नीट विचार करून कळवलं. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ते जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं. बोन्साय, पोस्टाची तिकिटं आणि क्रोशाचे रुमाल यांच्याखाली लिहिलं होतं: "जुन्या खोकडांची शिकार. छायाचित्रे, पुस्तके व चित्रे." आणि त्याच्या बरोबर खाली: "ज्येष्ठ नागरिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे."

यात चूक काय ते मला कळेना. बाबा पेपर वाचत होते. मी विचारलं, खोकड शब्द चुकीचा आहे का.

"कुठे वाचलास?"

"म्हणजे फॉक्स ना?"

"हो, फॉक्स."

"मग जुनं खोकड म्हणजे विंटेज फॉक्स."

बाबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. मी काय लिहून दिलंय ते पूर्ण ऐकलं, आणि मग इतके हसले की आई पोळ्या लाटायच्या सोडून बाहेर आली. बाबांनी तिला सांगितलं. ती हसली नाही. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "वाट लागली."

मग त्यांनी मला समजावलं. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, सडपातळ, झुपकेदार शेपटीचा तो प्राणी खरा, पण तो प्राणी म्हणून या शब्दाला गेल्या कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही. शब्द वापरतात तो म्हाताऱ्यांसाठी. खोकून खोकून घर डोक्यावर घेणारं, कुणाचं न ऐकणारं, खुर्ची न सोडणारं म्हातारं म्हणजे खोकड. माझे आजोबा स्वतःलाच तसं म्हणायचे म्हणे, पण स्वतःला म्हणणं वेगळं. आणि तू तर त्याला वर जुनं जोडलंस, बाबा म्हणाले. इंग्रजी शाळेची एवढी फी भरली, त्याचं हे फळ.

मला सांगायचं होतं ते "खोकडांच्या शिकारीची जुनी छायाचित्रं". इंग्रजीत "विंटेज" सगळ्यात आधी येतो, म्हणून मी "जुन्या" आधी ठेवला. मराठीत तो शब्द ज्याच्या शेजारी बसतो त्याचाच होऊन जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले सगळे ज्येष्ठ नागरिक रविवारी आपली शिकार बघायला बहुसंख्येने उपस्थित राहणार होते.

साधा कोल्हा का नाही लिहिलास, असं आईने विचारलं. याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि लांब उत्तरं मी सहसा मनातच देते.

सगळं सुरू झालं ते आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यापासून. तो मूळचा बिस्किटांचा परदेशी डबा. बाबांच्या कुठल्याशा साहेबांनी दिवाळीला दिलेला. झाकणावर लाल कोट घातलेले घोडेस्वार, पांढऱ्या-तपकिरी कुत्र्यांचा घोळका, कुंपणावरून उडी मारणारी एक बाई, मागे हिरव्या टेकड्या. सगळे जीव तोडून कशाच्या तरी मागे धावत होते आणि ते कशाच्या ते डब्यावर कुठेच नव्हतं. आई बटणं लावत बसली की मी डबा फिरवून फिरवून बघायची. चारी बाजू बघितल्या, तळ बघितला. बाबांनी सांगितलं की ते कोल्ह्याच्या मागे आहेत. मी विचारलं, कोल्हा कुठाय. बाबा म्हणाले, तो शहाणा आहे, तो डब्यावर कशाला येईल.

मला हे पटलं आणि आवडलंही. शाळेत बाई प्रश्न विचारायला लागल्या की मीसुद्धा पुढच्या मुलीच्या पाठीमागे अशीच डब्याबाहेर असायची.

पुढे नोकरी लागल्यावर घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. घोड्यावर बसून कोल्ह्याची शिकार कशी करावी, याचं. कापडी बांधणी, आत चित्रं, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. त्यात लिहिलं होतं की शिकारीच्या लाल कोटाला लाल म्हणायचं नाही, गुलाबी म्हणायचं. मी हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, डोळे तपासून घ्या म्हणावं. त्या पुस्तकानंतर दुसरं आलं, मग फोटो, मग छापील चित्रं. रविवारी मी ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जायची. तिथे मोडक्या आरामखुर्च्या, सिनेमाच्या सेटवरची खोटी झुंबरं आणि कुण्या साहेबाच्या बंगल्यातून निघालेल्या फ्रेम एकावर एक रचलेल्या असतात. दुकानदाराशी फार बोलावं लागत नाही. बोट दाखवलं की पुरतं.

नातेवाइकांना हे समजावणं अवघड होतं, म्हणून आई सांगायची, तिला घोडे आवडतात. त्यामुळे माझ्या वाढदिवसाला घोडे यायला लागले. चिनी मातीचे घोडे, घोड्यांची चादर, मावशीने आणलेला भिंतीवरचा नाल. घोडे मला मुळीच आवडत नाहीत. मी फक्त शोधत होते की चित्रकाराने कोल्हा कुठे ठेवलाय.

आता कोल्हा की खोकड. माझ्याकडे काही फोटो इथले आहेत. साहेब लोकांना इथे त्यांचा तो लाल प्राणी मिळेना, मग ते आपल्या कोल्ह्यांच्या मागे लागले. एका फोटोत घोड्यांच्या मागे चक्क ताडाची झाडं आहेत आणि एक साहेब टोपीखाली घामाने इतका थबथबलाय की त्याची दया येते. म्हणजे एक कोल्हा इथला, एक तिथला, आणि दोन्हींची पाटी वेगळी हवी. मी शब्दकोश काढला. जॅकल म्हणजे कोल्हा. फॉक्स म्हणजे कोल्हा, खोकड. मी दुसरा शब्द निवडला आणि स्वतःवर खूश झाले. मराठीत मी पहिल्यांदाच काहीतरी अचूक लिहिलंय असं मला वाटलं होतं.

लोक हसले असते तर चाललं असतं. लोकांनी हसल्यावर काय करायचं ते मला येतं, खाली बघायचं. अडचण होती ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची.

माझ्याकडे एका चार चित्रांच्या संचातली तीन चित्रं आहेत. पहिल्यात सगळे सकाळी जमलेत, दुसऱ्यात कुत्र्यांना वास लागलाय, तिसऱ्यात सगळे भरधाव सुटलेत. कोल्हा तिन्हींत नाही. चौथ्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं. अशा संचांत चौथ्यात बहुतेकदा त्याला मारतात. पण प्रत्येक वेळी नाही. आणि हे चौथं चित्र काकांच्या घरात, दारासमोर, चपलांच्या स्टँडच्या वर टांगलेलं होतं. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा मला अर्ध्या उघड्या दारातून तीच सोनेरी किनार दिसली, तेच गुलाबी म्हणायचे लाल कोट, आणि खाली चारचा आकडा. बाकीचं चित्र दाराआड आणि एक कोपरा मनीप्लांटच्या वेलाखाली. मी तिळगूळ दिला, गोड बोला ऐकलं आणि वर आले. त्यानंतर वर्षभर मी एकच वाक्य तयार करत होते, "काका, तुमचं ते चित्र जरा नीट बघू का?" वाक्य मी मनात इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते, मग त्यात "प्लीज" कुठे टाकायचं ते ठरवते. तोवर काका जिना उतरून गेलेले असतात.

आणि आता ते चित्र जाणार होतं. आईने ही बातमी पोळी करपवत सांगितली. काकांच्या घरी रंगकाम निघालं होतं आणि त्यांच्या सुनेने वास्तुवाल्याला बोलावलं होतं. ते चित्र काकांच्या पत्नीने घेतलेलं, त्या आता नाहीत. सात घोड्यांचं चित्र घरात असलं की भरभराट होते, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. बाजारात सात घोडे धावत असलेलं चित्र खूप महाग, म्हणून त्यांनी ओशिवऱ्याहून हे आणलं. घोडे सातच्या वर भरत होते, पण एक झाडामागे अर्धा लपला होता, तो त्यांनी धरला नाही. वास्तुवाल्याने चित्राकडे बघितल्या बघितल्या सांगितलं की हे घोडे दमलेले आहेत, आणि त्यांची तोंडं दाराकडे आहेत. म्हणजे भरभराट चालली बाहेर. सोमवारी भंगारवाला येणार होता.

म्हणजे हातात रविवारपर्यंतचाच वेळ होता. आणि ज्या माणसाकडे चित्र होतं, त्याला मी फळ्यावर जाहीरपणे खोकड म्हटलं होतं.

दुपारी फळ्यापाशी कुणी नसतं. मी ओलं फडकं घेऊन खाली गेले. "जुन्या" पुसून जागा बदलायची एवढंच ठरवलं होतं. सेक्रेटरी काकू बाकावर निवडायची मेथी घेऊन बसल्या होत्या, तगरीच्या झाडाआड, म्हणून दिसल्या नाहीत.

"पुसू नकोस गं," त्या म्हणाल्या. "बऱ्याच वर्षांनी आमच्याबद्दल कुणीतरी खरं लिहिलंय."

मी म्हटलं, चूक झाली. त्या म्हणाल्या, चूक मला वाचतानाच दिसली होती, सदतीस वर्षं मराठी शिकवलंय मी. मग दुरुस्त का नाही केलीत, हे मी विचारलं नाही, पण माझ्या तोंडावर ते आलं असावं. काकूंनी मेथीची एक जुडी झटकली. दर वर्षी तेच बोन्साय बघायला चार माणसं येतात, त्या म्हणाल्या. आज सकाळपासून अकरा जणांनी वेळ विचारली.

तिसऱ्या मजल्यावर जाऊन माफी मागून ये, असं आईचं म्हणणं पडलं. मी शनिवारी गेले. जिन्यात वाक्य पाठ केलं. दार काकांनीच उघडलं. घरभर रंगाचा वास, फर्निचरवर चादरी. चित्र भिंतीवर नव्हतं. चपलांच्या स्टँडजवळ, तोंड भिंतीकडे करून, जुन्या कुकरशेजारी उभं होतं. मला फक्त मागचा पुठ्ठा दिसला. पाठ केलेलं वाक्य तिथेच गेलं.

"बोल," काका म्हणाले.

"काका, मी तुम्हाला खोकड म्हटलं नव्हतं."

"मग कुणाला म्हटलंस?"

मी विचार केला. खरं तर प्राण्याला म्हटलं होतं, पण "प्राण्याला" हा शब्द त्या क्षणी काकांच्या समोर उच्चारणं बरं दिसलं नसतं. "कुणालाच नाही," मी म्हणाले.

"पण शिकार तर आहे उद्या."

"हो."

"आणि खोकडं जुनीच पाहिजेत."

"फोटो जुने आहेत, काका."

"तेही जुने? मग आमच्यातलेच कुणीतरी असतील त्यात." त्यांनी दार लावलं नाही. माझी नजर पुठ्ठ्यावर होती. त्यांनी वळून पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, येते. आणि आले.

आईने विचारलं, मागितलीस का माफी. मी म्हटलं, साधारण.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात इतकी गर्दी मी गणपतीतही पाहिली नव्हती. बोन्सायवाले खूश होते, त्यांना वाटलं त्यांच्यासाठी आलेत. कॅरमच्या टेबलावर चादर घालून मी माझी पुस्तकं आणि फोटो मांडले, मागे तीन चित्रं टेकवली. आजोबा लोक एकेक करून येत होते आणि एकच विनोद प्रत्येकजण नव्याने करत होता. आमचा फोटो कुठाय. बंदूक कुठे ठेवलीस. आम्हाला आधी पळायला वेळ देणार ना. मी खाली बघत होते. पण खाली बघताबघता कुणीतरी ताडाच्या झाडांच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणालं, हे तर आपल्या खाडीकडचं वाटतंय. मग दोघं त्यावर भांडायला लागले. एका आजींनी घामाघूम साहेबाला बघून विचारलं, याला कुणी पाणी तरी द्यायचं. कोट गुलाबी म्हणायचा हे मी हळूच सांगितलं, तर सेक्रेटरी काकूंनी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, आणि आईसारखंच तिथेही कुणीतरी डोळे तपासायला पाठवलं.

तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली. काका आले होते. काखेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ते चित्र.

"खोकडांचा कार्यक्रम आहे," ते म्हणाले, "अध्यक्ष नको का?"

त्यांनी कागद फाडला आणि चित्र माझ्या तिसऱ्याच्या शेजारी ठेवलं. किनार किनारीला जुळली. संध्याकाळ झालेली, घोडेस्वार चिखलाने माखलेले, घोड्यांच्या माना खाली, कुत्रे जीभ काढून मागे रेंगाळत चाललेले. सगळे घरी निघाले होते. कोल्हा यातही नव्हता. मी आधी कुत्र्यांच्या तोंडांकडे बघितलं, मग स्वारांच्या हातांकडे. तिथे काही नव्हतं, पण चित्रकार लोक कधी कधी ते दाखवत नाहीत.

"आता ऐक," काका म्हणाले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आमच्या हिने हे लावलं तेव्हापासून बूट घालताना मी रोज बघतोय. घोडे आहेत, माणसं आहेत, कुत्री आहेत. खोकड काही नाही. उद्या हे भंगारात जातंय. तू यात खोकड दाखव, चित्र तुझं. नाही दाखवलंस तर फळ्यावर लिही, जुनी खोकडं म्हणजे कोण कोण ते, नावानिशी."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, यादी मी देतो. काका हसत नव्हते. त्यांनी चित्राच्या चौकटीवर हात ठेवला होता आणि तो काढत नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की भंगारात जाऊ नये असं वाटणारी या खोलीत मी एकटी नव्हते.

मी चित्राजवळ गेले. डावीकडून बघितलं, झाडामागचा अर्धा घोडा बघितला, कुंपण, फाटक, वाट. उजवीकडचा खालचा कोपरा धुरकट होता. इतकी वर्षं त्यावर मनीप्लांट लोंबत होता, त्याला पाणी घालताना उडालेले थेंब आणि धूळ यांचा काचेवर राखाडी थर बसला होता. मी ओढणीच्या टोकाने काच पुसली. मागून आईचा आवाज आला, अगं नवी आहे ती. मी आणखी जोरात पुसली.

फाटकाच्या अलीकडे, वाळक्या पानांच्या ढिगात, पानांच्याच रंगाचं काहीतरी होतं. आधी दोन कान दिसले, मग पायांभोवती गुंडाळलेली शेपूट. ते आरामात बसलं होतं आणि घरी चाललेल्या त्या सगळ्या दमलेल्या लोकांकडे बघत होतं. कितीतरी वेळापासून बघत असावं.

मी वाक्य जुळवलं नाही. आधी इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. काका वाकून माझ्या बोटाच्या रोखाने बघत होते, चष्मा कपाळावरून खाली ओढत, आणि मागे सगळा कट्टा वाट बघत होता.

"काका," मी म्हणाले, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला, "खोकड अजून जिवंत आहे."